भाडेकरूखेरीज अन्य कोणी

तात्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. एका मोठ्या छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे. शाळेची पुस्तकं, बँकांचे अहवाल, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, जे म्हणाल ते त्यांच्या टेबलावरून जायचं आणि ऱ्हस्वाचं दीर्घ होऊन परत यायचं. निवृत्त झाल्यावरही खोड जाईना. एखाद्या दुकानाची पाटी चुकलेली दिसली की ते आत शिरायचे. दुकानदार बिचारा गिऱ्हाईक आलं म्हणून उठून उभा राहायचा आणि हे त्याला वेलांटी शिकवून बाहेर पडायचे. त्यांची बायको म्हणायची, "अहो, लोकांच्या काना-मात्रा बघता, तुमच्या सदऱ्याचं बटण कुठल्या काजात गेलंय ते बघा आधी."

घर त्यांचं स्वतःचं, दोन मजली. खाली ते दोघं, वर दोन खोल्या, आणि वर जायला बाहेरून वीस पायऱ्यांचा जिना. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा वरच्या खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या. जो भाडेकरू आला तो तेरा वर्षं राहिला.

तो इस्पितळाच्या कार्यशाळेत बूट करायचा. साधे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा घोटा वळलेला, कुणाला बोटंच नाहीत, अशा पायांचे. तात्या त्याला बूटमास्तर म्हणायचे. माणूस पंचेचाळिशीचा, एकटा, कमी बोलणारा. कुणीही समोर आलं की त्याची नजर आधी पायांकडे जायची आणि मग तोंडाकडे.

भाड्याचा करार दर वर्षी नवा व्हायचा. म्हणजे काय, तर तात्या जुनाच करार आपल्या वळणदार अक्षरात पुन्हा उतरून काढायचे आणि तारीख बदलायचे. दीड पानाचा कागद. बूटमास्तर रविवारी सकाळी खाली यायचा, चष्मा पुसायचा आणि एकेक शब्दावर बोट ठेवून वाचायचा. चूक सापडली तर त्या महिन्याचं भाडं माफ, अशी पैज होती. बारा वर्षांत एकदाही सापडली नाही. "तात्या, यंदाही हरलो," म्हणून तो सही करायचा आणि काकू चहा आणायच्या.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण तो पाय दोन बोटं आखूड राहिला. ती भिंत धरून चालायची आणि भिंत संपली की रडायची. बूटमास्तराने एक दिवस न विचारता जमिनीवर कागद पसरला, तिचा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिलीने कड काढून घेतली. "काकू, पाय जमिनीपर्यंत पोचत नसेल तर जमीन वर आणायची. त्यात काय एवढं!" जाड तळाचा बूट झाला. तो चारदा उसवून चारदा शिवला. पाचव्या खेपेला ती एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. पुढची तीन वर्षं, शेवटच्या आजारपणापर्यंत, ती आपल्या पायांनी हिंडली. पैशाचं नाव काढलं की बूटमास्तर जिन्याने वर निघून जायचा.

ती जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

करार संपायला महिना होता. संध्याकाळी बूटमास्तर कामावरून आला आणि वर न जाता पहिल्या पायरीवरच थांबला. तात्या कुंड्यांना पाणी घालत होते.

"तात्या, आईचं जरा बोलायचं होतं."

"बोला की."

"ती तिकडे गावात एकटी असते. उजवा पाय साथ देत नाही आता. तिला इकडे आणावी म्हणतो. त्रास नाही व्हायचा तुम्हाला. जिना चढेल ती, मी तिच्यासाठी पट्ट्यांचा बूट करायला घेतलाय. वीस पायऱ्या मोजूनच करतोय."

आता इथे तात्यांनी "आणा" एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द, त्यात ना ऱ्हस्व ना दीर्घाचा घोळ. पण बायकोचं शेवटचं आजारपण त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. औषधांचा वास, रात्र-रात्र कण्हणं, बंद खिडक्या. पुन्हा घरात, भले वरच्या मजल्यावर का होईना, म्हातारं आजारी माणूस येणार म्हटल्यावर ते पुन्हा कुंड्यांकडे वळले.

"बघू की," ते म्हणाले. "कराराच्या वेळी बोलू."

"चालेल," बूटमास्तर म्हणाला आणि वर गेला. पावलं हलकी वाजत होती. 'बघू'चा अर्थ 'हो' असा धरून गेलेल्या माणसाची पावलं ती. तात्यांना ते कळलं आणि त्यांनी कळलं नाही असं केलं.

रविवारी मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी ही गोष्ट तिच्या कानावर घातली. मुलगी विम्याच्या कंपनीत होती. कुठलंही बोलणं निघालं की त्यात काय बिघडू शकतं ते तिला आधी दिसायचं.

"बाबा, ती बाई वर आली आणि अंथरुणाला खिळली तर? तुम्ही काढणार आहात तिला बाहेर? तुम्हाला चपलेत गेलेला खडासुद्धा बाहेर काढवत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं व्हायचं."

"तो तसा नाही गं. तुझ्या आईसाठी त्याने..."

"मला माहीत आहे त्याने काय केलं ते. पण बारा वर्षं हाताने लिहिलेल्या कागदावर माणूस राहतोय, हे कुणाला सांगितलं तर हसतील. मी वकिलाकडून मसुदा करून पाठवते. तुम्ही फक्त तपासा."

तपासा म्हटलं की तात्या मऊ व्हायचे. सात पानी मसुदा आला, तेव्हा त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, खिडकीशी खुर्ची ओढली आणि दोन तास मन लावून बसले. वकिलाने शुद्धलेखनाचा नुसता चिवडा केला होता. पहिल्या पानावर अकरा चुका. ते खुशीत येऊन खुणा करत गेले आणि चौथ्या पानावर सहाव्या कलमाशी आले.

'सदर जागेत भाडेकरुखेरीज अन्य कोणतीही व्यक्ती, नातेवाईक असली तरी, सात दिवसांपेक्षा जास्त काळ वास्तव्य करणार नाही.'

त्यांनी 'भाडेकरु'मधला 'रु' दीर्घ केला.

मग पेन्सिल तिथेच थांबली. कलम कुणासाठी घातलंय हे न कळायला ते काही दुधखुळे नव्हते. एक आडवी रेघ मारली असती तर वाक्य गेलं असतं. आयुष्यात त्यांनी लाखभर शब्द खोडले असतील. पण खोडलं की मुलीला कारण द्यावं लागणार, ती चार प्रश्न विचारणार, आणि त्या प्रश्नांतला एखादा त्यांच्याही मनात होताच. त्यांनी स्वतःची समजूत घातली. कागद काय, कागद असतो. मास्तर आपल्याला ओळखतो. त्याला तोंडी सांगू, की हे नुसतं लिहिण्यापुरतं आहे. आणि त्यांनी पान उलटलं. बाकीच्या खुणा फोनवरून मुलीला सांगितल्या आणि आठवड्याभरात दुरुस्त केलेली पक्की प्रत आली.

कराराच्या रविवारी बूटमास्तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने खुर्चीच्या पायाशी नीट ठेवलं.

"यंदा छापील?" तो म्हणाला.

"मुलीने करून घेतलाय. आजकाल असंच लागतं म्हणे."

"मग यंदा चूक सापडायची शक्यता आहे," तो हसला आणि चष्मा पुसून वाचायला बसला. बोट ओळींवरून सरकत होतं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. तात्या त्या बोटाकडे बघत होते. चौथ्या पानाच्या मध्यावर ते थांबलं.



टेबलावर पक्क्या प्रतीखाली पेन्सिलीच्या खुणांचा मसुदा पडला होता. बूटमास्तराने तो ओढला, चौथं पान काढलं आणि दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवली.

"इथे तुम्ही 'रू' दीर्घ केलाय."

"हो. ऱ्हस्व होता. चूक होती ती."

"म्हणजे वाचलंत तुम्ही."

"वाचलं."

आत्ता सांगायचं, हे लिहिण्यापुरतं आहे, आणा आईला. महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य होतं. पण बाहेर आलं ते भलतंच. "वकिलाचा नमुना असतो हो तो. सगळ्यांना तोच देतात."

"असेल," बूटमास्तर म्हणाला. उरलेली तीन पानं त्याने वाचलीच नाहीत. प्रत्येक पानाखाली सही केली, पेनला टोपण लावलं आणि पेन तात्यांच्या बाजूला ठेवलं. "चूक नाही कुठे."

"चहा टाकतो."

"नको. आज जरा घाई आहे." खुर्चीपाशी ठेवलेलं गुंडाळं उचलून तो गेला. कागदाची एक कड सुटली होती. तात्यांना आतला पट्टा दिसला, चामड्याचा, नवाकोरा, त्याला छोटा पितळी चाप.

पुढच्या महिन्यात कळलं की आईला त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात ठेवलंय. गावात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, आणि सगळं सामान हलवून दुसरी जागा शोधायला त्याच्याकडे तेव्हा ना वेळ होता ना हाताशी कुणी. हे तात्यांना त्याने नाही, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं.

बूटमास्तर भांडला नाही की वाकडा वागला नाही. भाडं वेळेवर. जिन्यात भेटला तर नमस्कार. तात्यांचा नळ बिघडला तेव्हा न सांगता पान्हा घेऊन आला आणि दुरुस्त करून गेला. पण पूर्वी संध्याकाळी खाली येऊन तो अर्धा तास बसायचा, ते थांबलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तात्यांना वाटायचं. शिवीला उत्तर देता येतं, नमस्काराला काय देणार?

ते रोज ठरवायचे, आज वर जायचं. एकदा पाचव्या पायरीपर्यंत गेले आणि गुडघा दुखतो म्हणून बसले. एकदा दारापर्यंत पोचले, तर आतून हातोडीचा आवाज येत होता. कामात आहे, म्हणून परतले. म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. असे सात महिने गेले.

शेवटी त्यांनी मुलीला फोन केला. आवाज चढवायचा असं ठरवूनच केला.

"ते सहावं कलम मी काढून टाकतोय. तू काही बोलू नकोस. त्या माणसाच्या आईला आश्रमात राहावं लागतंय, तुझ्या त्या वकिलामुळे."

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला मसुदा पाठवला होता. तुम्ही खोडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही सगळंच खोडता. ते राहिलेलं बघून मला वाटलं, तुम्हालाच ती बाई नको आहे, आणि वाईटपणा माझ्यावर आलेला बरा."

तात्यांनी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी ते वीस पायऱ्या चढले. बूटमास्तर जमिनीवर बसून एका लहानशा तळव्याला चामडं चिकटवत होता. त्याने उठून खुर्ची दिली. तात्यांनी बसायच्या आधीच करार पुढे केला. सहाव्या कलमावर जाड रेघ होती, शेजारी सही.

"मास्तर, चुकलो मी. आईंना घेऊन या. उद्याच आणा."

बूटमास्तराने कागद हातात घेतला, बघितला आणि घडी घालून परत दिला.

"आता जिना नाही चढता येत तिला, तात्या."

"तुम्ही बूट केला होता ना?"

"केला होता. तेव्हा चढली असती. तिथे सकाळी खुर्चीत बसवतात, संध्याकाळी खुर्चीतून उतरवतात. वाईट लोक नाहीत, पण चालवायला कुणाला वेळ आहे? सात महिने पाय वापरला नाही की पायातलं बळ जातं. बूट काय करणार? बूट पायाला धरतो, पाय नसेल तर तो कुणाला धरेल?"

तो हे रागाने म्हणाला नाही. इस्पितळात रोज कुणाला तरी सांगावं तसं म्हणाला. वरातीमागून घोडं कसं दिसतं, ते तात्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातातल्या कागदात पाहिलं.

"मग मी वर राहतो," ते एकदम म्हणाले. "तुम्ही दोघं खाली राहा."

बूटमास्तराची नजर त्यांच्या गुडघ्यांकडे गेली, सवयीने. "दिवसातून चारदा चढ-उतार करणार तुम्ही? महिन्याभरात तुमच्यासाठी बूट करावा लागेल मला." बऱ्याच दिवसांनी तो थोडा हसला. "आईला विचारतो."

तात्यांनी वाट पाहिली नाही. मंगळवारी दोन बस बदलून ते स्वतःच आश्रमात गेले. बूटमास्तराची आई खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. किरकोळ बांधा, पांढरे आखूड केस, नजर लखलखीत. तिने तीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून द्यायचं काम केलं होतं.

"या. तुम्हीच ना ते शुद्धलेखनवाले?" ती म्हणाली.

तात्यांनी माफी मागितली. पाठ केलेलं सगळं विसरले, जे सुचलं ते बोलले. तिने मध्ये अडवलं नाही.

"माफी कशाची? घर तुमचं," ती म्हणाली. "पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. वाईट वाटलं. मुलगा मला म्हणाला होता, आई, तात्या नाही म्हणायचे नाहीत. मी गावातली भांडी वाटून टाकली, मांजर शेजारणीला दिली. आमच्या खात्यात आम्ही म्हणायचो, लाइन धरा. लोक धरायचे बिचारे. पलीकडून कुणी बोलतच नसेल तर किती वेळ धरणार?"

"आता तरी या. मी वर जातो राहायला."

"आणि मी खाली बसून तुमची पावलं ऐकू? प्रत्येक पाऊल माझ्यासाठी दुखतंय हे ठाऊक असताना?" तिने मान हलवली. "नको हो. उपकाराच्या घरात झोप लागत नाही. तुमच्या बायकोचा बूट कसा झाला ते सांगा. तो काही बोलत नाही त्याबद्दल."

तात्यांनी सांगितलं. चारदा उसवला, पाचव्यांदा जमला. सांगताना त्यांचे डोळे भरले आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली, त्यांना पुसायला वेळ मिळावा म्हणून.

करार संपायच्या महिनाभर आधी बूटमास्तर नियमाप्रमाणे सांगायला आला. आश्रमाच्या जवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. आईला तिथे नेणार, सकाळ-संध्याकाळ चालवणार. "दहा पावलं चालली तरी पुष्कळ," तो म्हणाला. सामान न्यायच्या दिवशी तात्या खोकी उतरवायला जिन्यात उभे राहिले, पण त्यांच्या हातात कुणी खोकं दिलं नाही. निघताना बूटमास्तराने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "डाव्या टाचेखाली पातळ थर घाला, तात्या. गुडघ्यावर कमी भार येईल. कार्यशाळेत या, करून देतो." तात्या हो म्हणाले. ते अजून गेलेले नाहीत.

वरच्या खोल्यांत नवं जोडपं आलं, दोघंही नोकरी करणारी, तरतरीत. छापील करार टेबलावर होता. सहावं कलम तात्यांनी आधीच काढून टाकलं होतं. दोघं सही करायला वाकली तेव्हा त्यांना राहवेना.

"तुमच्याकडे कुणी वयस्कर आहे का? आई, वडील, कुणी?"

त्या तरुणीने नवऱ्याकडे पटकन बघितलं. "सासूबाई आहेत, पण त्या गावाला असतात," ती घाईघाईने म्हणाली. "इथे कुणी येणार नाही, काका. अगदी खात्री बाळगा."

"नाही, मी त्या अर्थाने नव्हतं विचारलं..."

"लिहून हवं असेल तर लिहूनही देतो," नवरा म्हणाला.

तात्या काही सांगायला गेले. पण तोवर सह्या करून दोघं किल्ली मागत होती.